एका घरातील दोन मुले आणि दहावीच्या तीन वाटा: गोव्यातील पालकांसाठी एक तुलना

आमच्या घरी दोन मुले आहेत आणि दोघांचेही माध्यमिक शिक्षण घरी करावे की काय, हा विषय गेल्या पावसाळ्यापासून रोज जेवताना निघतो. थोरला पंधरा वर्षांचा आहे. त्याला वाचनअक्षमता आहे, म्हणजे लोक ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात ती. छापील पानावरची अक्षरे त्याच्यासमोर स्थिर राहत नाहीत, पण कुळागरातला पंप बंद पडला की मिस्त्री येण्याआधी त्याने तो उघडून मांडलेला असतो. धाकटी तेरा वर्षांची असून आठवीत आहे. गणितात ती वर्गाच्या दोन वर्षे पुढे आहे, तबल्याच्या परीक्षा देते आणि शाळेचा तास तिला लांबलेल्या आरतीसारखा वाटतो. दोघांना एकदमच शाळेतून काढून घरी बसवले तर वेळापत्रक सोपे होईल, असे आम्हा दोघांनाही आधी वाटले होते. कागदपत्रे आणि नियम वाचत गेलो तसतसे लक्षात आले की सोय पालकांची होणार होती, मुलांची नाही. या आढाव्यात ज्या तीन वाटा मांडल्या आहेत, म्हणजे गोवा मंडळ, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि केंब्रिज, त्यांच्यात अभ्यासक्रमाचा फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक प्रत्येक वाट मुलाचा वेळ कसा विभागते यात आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 2009 चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी आहे. गृहशिक्षणाची वेगळी नोंदणी किंवा वेगळे प्रमाणपत्र आपल्याकडे नाही. त्यामुळे किशोरवयीन मुलाचे गृहशिक्षण याचा व्यवहारातला अर्थ एवढाच होतो की अभ्यास घरी आणि परीक्षा एखाद्या मान्यताप्राप्त मंडळाची. कोणत्या मंडळाची, हाच खरा निर्णय आहे.

गोवा मंडळ: शाळेत राहून सवलती घेणे

गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ 1975 पासून दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेत आहे. या मंडळाची सारी रचना शाळेत नाव असलेल्या विद्यार्थ्याभोवती उभी आहे. अंतर्गत मूल्यमापन, प्रात्यक्षिके, खेळाडूंना मिळणारे क्रीडागुण हे सर्व शाळेमार्फत जाते. म्हणून गोवा मंडळ निवडणे म्हणजे बहुतेक वेळा शाळेत राहणे होय, आणि गृहशिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकाने ही वाट आधीच बाद करू नये असे माझे मत आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत बदल करणे, परीक्षेत जादा वेळ देणे, लेखनिक देणे, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देणे या गोष्टी नावानिशी लिहिलेल्या आहेत, आणि वाचनअक्षमता त्याच अधिनियमाच्या यादीतील एकवीस प्रकारांमध्ये मोडते. गोवा मंडळ विशेष गरजा असलेल्या मुलांना जादा वेळ आणि लेखनिक देते, तसेच काही नेहमीच्या विषयांऐवजी पूर्वव्यावसायिक विषय घेण्याची मुभाही देते. ज्या मुलाची अडचण फक्त वाचनाच्या वेगाची आहे आणि ज्याला मित्र, मैदान व स्नेहसंमेलनाचे नाटक यांवाचून करमत नाही, त्याच्यासाठी एवढ्या सवलती पुरेशा ठरू शकतात.

अडचण दोन ठिकाणी येते. सवलतीसाठी सक्षम सरकारी यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते आणि तपासणीच्या फेऱ्यांना वेळ लागतो; दहावीच्या वर्षी धावपळ करणाऱ्यांना ते फारच जड जाते, म्हणून हे काम आठवीतच हाती घ्यावे. आमच्या थोरल्याच्या बाबतीत शाळेने दोन वर्षे ‘आळशी आहे, लक्ष देत नाही’ एवढेच सांगितले आणि आम्हीही ते मानले, ही आमचीच चूक. दुसरी अडचण अशी की सवलती मिळाल्या तरी सर्व विषय एकाच मोसमात द्यावे लागतात. राहिलेल्या विषयांसाठी पुरवणी परीक्षा असते. पण सहा पेपरांचे ओझे एकदम अंगावर येणे टळत नाही. विषयागणिक थकणाऱ्या मुलाला जादा अर्धा तास देऊन तो थकवा जात नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय: एकेक विषय, पाच वर्षे

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनआयओएस, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली 1989 पासून काम करते. नातेवाइकांमध्ये या नावावर अजूनही भुवया उंचावतात आणि ‘नापासांची शाळा’ असा शेरा ऐकू येतो. तो शेरा नियम न वाचता केलेला असतो. येथे दहावीला प्रवेश घेण्यासाठी किमान वय चौदा आणि बारावीसाठी पंधरा आहे. कमीत कमी पाच विषय घ्यायचे असतात, त्यात निदान एक भाषा असावी लागते, आणि हवे तर दोन विषय अधिक घेता येतात. नोंदणी पाच वर्षे टिकते व त्या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. याशिवाय मागणीनुसार परीक्षेची सोय आहे. उत्तीर्ण झालेला विषय खात्यावर जमा राहतो. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण केलेले दोन विषयही येथे आणता येतात. एका मोसमात दोन विषय, पुढच्या मोसमात दोन, असा अभ्यास करणाऱ्या मुलाला हे गणित किती उपकारक आहे, ते सहा पेपरांत बुडालेले मूल पाहिल्यावरच कळते.

विषयांची यादी हे दुसरे बलस्थान आहे. मराठी विषय म्हणून घेता येते. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री ऑपरेशन्स, व्यवसाय अध्ययन, मानसशास्त्र, हिंदुस्थानी संगीत हे दहावीच्या पातळीवरचे पूर्ण वजनाचे विषय आहेत. भारतीय सांकेतिक भाषाही भाषा-विषय म्हणून उपलब्ध आहे, आणि कर्णबधिर मुलांच्या पालकांनी याची अवश्य दखल घ्यावी. गणित आणि विज्ञान टाळूनही दहावी करता येते.

येथेच मोठी मेख आहे, आणि या आढाव्यातील इतर काही विसरले तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवावे. गणित व विज्ञान सोडून दहावी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर यांसारख्या शाखांना प्रवेश मिळत नाही, कारण त्या शाखांची अट दहावीला हे दोन्ही विषय असण्याची आहे. उलट वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम या शाखांना आठवी उत्तीर्ण एवढी अट पुरते. याचा अर्थ असा की हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलाला ‘त्याला काय करायचे आहे गणित’ म्हणून त्या विषयातून मोकळे केले, तर पंपाची मोटर दुरुस्त करणाऱ्याच मुलासाठी इलेक्ट्रिशियनचे दार आपण बंद करतो. थोरल्याच्या यादीत आम्ही गणित आणि विज्ञान दोन्ही ठेवले आहेत, मात्र ते शेवटच्या मोसमासाठी; आधी मराठी, डेटा एन्ट्री आणि चित्रकला. नऊ संधींचा खरा उपयोग हाच. आणि आठवी उत्तीर्ण झाल्याचा शाळेचा दाखला जपून ठेवावा, कारण त्यावाचून वेल्डर-प्लंबरसारख्या शाखांचे दुसरे दारही उघडणार नाही. आठवीच्या आत शाळा सुटलेल्या मुलांसाठी एनआयओएसचाच मुक्त मूलभूत शिक्षणाचा ‘क’ स्तर आहे, जो आठवीशी समकक्ष धरला जातो.

उणिवाही स्पष्ट आहेत. गुणांपैकी वीस टक्के वजन घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असते. अभ्यासकेंद्रावरचे संपर्कवर्ग मर्यादित असतात. विज्ञान, गृहविज्ञान, चित्रकला यांच्या प्रात्यक्षिकांसाठी केंद्राशी धरून राहावे लागते, आणि ते केंद्र पेडण्याच्या किंवा काणकोणच्या टोकाला राहणाऱ्याच्या वाटेवर असेलच असे नाही. सर्वांत मोठी उणीव मात्र नियमांत सापडत नाही. दिवसभर मुलाबरोबर कोण बसणार, याचे उत्तर कोणतीही संस्था देत नाही. गोव्यात दोघेही नोकरीवर असलेली घरे फार आहेत, आणि आजी-आजोबांवर मुक्त विद्यालय चालत नाही. आमच्याकडे मी सकाळी अकरापर्यंत मोकळा असतो आणि मुलाचा काका दुपारी वर्कशॉप उघडतो, म्हणून हे जमण्यासारखे आहे.

या प्रमाणपत्राने पुढचे दार अडते का, हा प्रश्न सगळे विचारतात. बारावी एनआयओएसमधून केलेल्या मुलांचा वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेवरील हक्क 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पक्का झाला आहे. आयआयटीसाठीही एनआयओएस चालते, पण निदान पाच विषय असावेत, आणि बारावी पहिल्यांदा ज्या वर्षी दिली ते व त्यापुढचे एवढी सलग दोनच वर्षे जेईई अ‍ॅडव्हान्स्डसाठी मिळतात. नऊ संधी आणि पाच वर्षांची मोकळीक तेथे कामाला येत नाही. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर असावे लागते, म्हणून हुशार मुलाला फार लवकर पुढे ढकलण्यातही अर्थ नाही. नीटसाठी तर वयाची सतरा वर्षे पूर्ण होणे बंधनकारकच आहे.

केंब्रिज: स्वतंत्र उमेदवार

केंब्रिज या ब्रिटिश मंडळाच्या आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची) आणि त्यानंतरची ए लेव्हल (बारावीच्या पातळीची) या परीक्षा मान्यताप्राप्त परीक्षा केंद्रामार्फत, शाळेत न जाताही देता येतात. भारतात वर्षातून तीन मोसम मिळतात, मार्च, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. विषय वेगवेगळ्या मोसमांत विभागून देता येतात, वयाची अधिकृत किमान अट नाही, आणि गणितात पुढे असलेल्या मुलाला एकच गणित आधी देऊन ठेवता येते. विज्ञानासाठी प्रयोगशाळेतील परीक्षेऐवजी ‘प्रात्यक्षिकाला पर्यायी’ लेखी पेपर असतो, ही सोय घरी शिकणाऱ्यांसाठी मोलाची आहे. धाकटीसाठी आम्ही याचा गंभीरपणे विचार केला. दोन गोष्टींनी हात आखडला. पहिली म्हणजे पैसा: एनआयओएसचे पाचही विषयांचे मिळून जेवढे शुल्क होते, त्यापेक्षा अधिक केंब्रिजच्या एकाच विषयाला द्यावे लागते, आणि पुस्तके व शिकवणी त्यापुढे. दुसरी म्हणजे परतीची वाट. भारतातील विद्यापीठांत प्रवेशासाठी भारतीय विश्वविद्यालय संघाकडून समकक्षता घ्यावी लागते आणि त्यासाठी विषयांची संख्या व जोडणी आधीपासून जुळवून ठेवावी लागते. ज्या मुलाला परदेशीच जायचे आहे किंवा ज्याचे पालक आखातातून गोव्यात परतले आहेत आणि मूल आधीच त्या पद्धतीत शिकते आहे, त्याच्यासाठी हीच सरळ वाट आहे. बाकीच्यांनी आधी खर्चाची पूर्ण बेरीज करावी.

मग दोन मुलांचे काय

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की अडचणीत असलेले मूल शाळेच्या आधाराने राहावे आणि हुशार मुलीला घरी मोकळे सोडावे. आमच्या घरी उलटे ठरले. थोरल्याला शाळेतला दिवस इतका खातो की संध्याकाळी त्याच्याकडे शिकण्याची ताकदच उरत नाही. त्याला विषय मोजून हवे आहेत आणि दुपार वर्कशॉपला हवी आहे, म्हणून तो एनआयओएसकडे जाईल. धाकटीला शाळेत कंटाळा येतो हे खरे, पण तिच्या कंटाळ्याचे कारण फक्त गणिताचा तास आहे. प्रयोगशाळा, कबड्डीचा संघ आणि भांडायला मैत्रिणी घरात मिळत नाहीत. शिवाय चौदा पूर्ण होईपर्यंत एनआयओएसचा दहावीचा अर्जही भरता येत नाही, मग आठवीतच नाव काढून काय मिळणार. गणिताची भूक शनिवारी शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांकडे भागते आणि तबला संध्याकाळी होतो. दहावी गोवा मंडळाची, मग पुन्हा विचार, असे ठरले आहे. वेगवेगळ्या वाटांनी भावंडांत दुजाभाव होईल ही भीती आम्हाला होती. ‘मी घरी राहणार म्हणजे मी नापास झालो का,’ असे थोरल्याने विचारलेही. त्याला आम्ही परीक्षेचे वेळापत्रक आणि विषयांची यादी समोर ठेवून क्रम त्यालाच लावायला सांगितले, आणि चित्रकला पहिल्या मोसमात त्याने स्वतः टाकली.

माझ्या मते घरात तीन मुले असती आणि तिसरे खेळाडू असते, तर ते बिनदिक्कत गोवा मंडळाच्या शाळेत राहिले असते. क्रीडागुण आणि शाळेचा संघ यांची भरपाई दुसरी कोणतीही वाट करत नाही. स्वमग्न मुलाबद्दल असे एका वाक्यात सांगता येणार नाही. काहींना शाळेतला गोंगाट सोसत नाही आणि काहींना शाळेचा ठरलेला क्रमच सांभाळून धरतो; तेथे वर्षभर निरीक्षण करूनच ठरवावे.

नाव काढण्यापूर्वीची तयारी सांगून थांबतो. शाळा सोडल्याचा दाखला, आठवी व नववीची गुणपत्रके, जन्माचा दाखला, निवासाचा पुरावा आणि मिळाले असल्यास अक्षमतेचे प्रमाणपत्र यांच्या प्रती आधी हाती घ्याव्यात. दिव्यांग विद्यार्थ्यांना एनआयओएसच्या शुल्कात सवलत असते आणि ती प्रवेशाच्या वेळीच मागावी लागते. एप्रिलची परीक्षा द्यायची असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात भरायचा असतो, म्हणजे चतुर्थीची माटोळी बांधण्याच्या बऱ्याच आधी तो भरून झालेला असावा. ठरलेली मुदत उलटली की विलंबशुल्क सुरू होते. आणि अर्जावर विषय लिहिण्यापूर्वी जवळच्या आयटीआयची किंवा उच्च माध्यमिक विद्यालयाची प्रवेश-पुस्तिका मुलाबरोबर बसून वाचावी, कारण कोणता विषय सोडता येईल हे तेथूनच उलटे मोजत यायचे असते.