नागदेवी स्ट्रीट: रेसिंग टीमच्या खरेदीसाठी कशी आहे?

फॉर्म्युला स्टुडंट किंवा बाहा या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या मुंबईच्या मुलांना नट-बोल्ट, बेअरिंग, रॉड एंड (टोकाला फिरणारा बॉल असलेला जोड), टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि पाने एकाच फेरीत हवे असतील तर नागदेवीच्या हार्डवेअर बाजाराला तोड नाही. मशीद बंदर स्टेशनवरून पश्चिमेला चालत साधारण दहा मिनिटं. पुढेमागे टीमचं कॅप्टनपद आणि नंतर वाहन उद्योगात डिझाइनची नोकरी, असा ज्याचा विचार आहे त्याने दुसऱ्या वर्षातच इथल्या खरेदीची जबाबदारी मागून घ्यावी. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनमध्ये, बोल्ट ही एक ओळ असते. इथे काउंटरवर ग्रेड, लांबी, आटे, नग सगळं विचारतात आणि उत्तर तुमच्याकडे तयार असावं लागतं.

माल उत्तम मिळतो, पण तो मागता यायला हवा. नुसतं ‘एम८चा बोल्ट द्या’ म्हटलं तर बहुधा फुल थ्रेड, म्हणजे टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला, हातात पडतो, आणि सस्पेन्शनमध्ये तोच घात करतो. एक जोड घेऊन बघा. चॅसीवरचे दोन टॅब (भोक असलेल्या पट्ट्या) प्रत्येकी ३ मिमी, मधला ८ मिमी रॉड एंडचा बॉल १२ मिमी, त्याच्या दोन्ही बाजूंना ४ मिमीचे स्पेसर. एकूण २६ मिमी. दोन वॉशर धरले की २९.२. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) ८ मिमीचा, म्हणजे ४० मिमीचा बोल्ट पुरेल असं वाटतं. पण ४० मिमीच्या हाफ थ्रेड (डोक्याकडे बिनआट्यांचा साधा दांडा असलेल्या) बोल्टचे शेवटचे २२ मिमी आटे असतात, त्यामुळे पलीकडच्या टॅबपाशी भार नेमका आट्यांवर येतो आणि बोल्ट तिथून तुटू शकतो. इथे एम८ × ५० हाफ थ्रेड, ग्रेड ८.८ (बोल्टच्या ताकदीची प्रत) हवा, त्याचा साधा दांडा सुमारे २८ मिमी येतो. याच बोल्टला एक वॉशर कमी पडला तर नट दांड्यावर जाऊन अडतो. टॉर्क रेंच (ठरल्या जोराला आवाज करणारा पाना) ‘टक’ करतो, सगळ्यांना वाटतं घट्ट बसला, आणि जोड मात्र सैलच राहतो. म्हणून व्हर्नियर खिशात ठेवा आणि दांडा दुकानातच मोजा. कुठलाही चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही, उलट पुढच्या वेळी स्वतःहून योग्य डबा काढतो.

डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण नसेल तर तो बोल्ट स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन किंवा हार्नेससाठी (ड्रायव्हरचे पट्टे) घेऊ नका. बटण हेड ॲलन (गोलसर डोक्याचा बोल्ट) दिसायला छान, पण या जागांवर स्पर्धेच्या नियमात बसत नाही. स्प्रिंग वॉशर आणि लॉकटाइट (आट्यांवर लावायचा गोंद) हे नियमाच्या दृष्टीने पक्कं लॉकिंग नाही. नायलॉकच हवा, तोही बाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसतील असा. एक्झॉस्टजवळ नायलॉन वितळतं, तिथे पूर्ण धातूचा लॉक नट मागा. नायलॉक दरवेळी नवा वापरायचा, त्यामुळे लागतात त्याच्या तिप्पट घ्या.

रॉड एंड घेताना बहुतेक टीम एकच चूक करतात. स्टिअरिंग आणि पुढचं चाक जोडणाऱ्या टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात हे लक्षात असतं, म्हणून उलट्या आट्यांचा रॉड एंड येतो, पण त्याचा चेक नट (रॉड एंड फिरू नये म्हणून मागून आवळायचा) राहून जातो. साधा चेक नट त्यावर चढत नाही, आणि चेक नटशिवाय स्पर्धेच्या टेक्निकल इन्स्पेक्शनमध्ये गाडी पुढे सरकत नाही. उलट्या आट्यांचा टॅप लागणार असेल तर तोही त्याच फेरीत घ्या, तो ऐन वेळी मिळणं अवघड.

बेअरिंगमध्ये फक्त नंबर सांगू नका. ६२०५ म्हणजे २५ × ५२ × १५ मिमी एवढंच ठरतं. चिखलात जाणाऱ्या बाहाच्या गाडीला रबर सील, म्हणजे २आरएस, स्पष्ट सांगावं लागतं. नामांकित ब्रँडचं बेअरिंग संशय यावा इतकं स्वस्त मिळालं तर घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडेच जा. एसकेएफ या कंपनीच्या बेअरिंगचं खोकं तपासायला कंपनीचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे.

नागदेवीत सगळंच मिळत नाही. सेन्सर आणि कनेक्टरसाठी लॅमिंग्टन रोड, वायरसाठी लोहार चाळ, रोल हूपच्या (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारी कमान) सीमलेस पाइपसाठी कुंभारवाडा. पाइप टेस्ट सर्टिफिकेटशिवाय घेऊ नका.

काही घाऊक दुकानं शंभराच्या पेटीखाली देत नाहीत. तिथे वाद न घालता पुढच्या सुट्या विक्रीच्या दुकानात जावं. पक्कं बिल मात्र सुरुवातीलाच मागा, भाव ठरल्यावर नाही. १८ टक्के जीएसटी धरूनच बजेट मांडा. कच्च्या चिठ्ठीवर कॉलेज पैसे देत नाही, आणि फॉर्म्युला भारत या आपल्याकडच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत कॉस्ट अँड मॅन्युफॅक्चरिंगला, म्हणजे गाडीच्या खर्चाच्या हिशेबाला, १०० गुण असतात, तिथे प्रत्येक वॉशरचा हिशेब लागतो. बिलावर ‘हार्डवेअर’ असं मोघम न लिहिता माप, ग्रेड आणि नग लिहून घ्या.

रविवारी बाजार बंद. सकाळी साडेअकराच्या सुमारास दोघांनी जावं: एकाने यादी आणि बिलं सांभाळावी, दुसऱ्याने मोजून घ्यावं. प्रत्येक मापाची वेगळी पिशवी करा आणि तिच्यावर दुकानातच मार्करने लिहा. एम८ × ४५ आणि एम८ × ५० एकत्र झाले, तर फॉर्म्युला भारतच्या वेळी कोइमतूरच्या पिटमध्ये (गाडी दुरुस्तीच्या जागेत) रात्री ते डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत.