हाउथला मासे खायचे तर टेबल की कठडा?

भारतातून आई-बाबा आले की पहिल्या आठवड्यात त्यांना डार्ट या लोकल ट्रेनमध्ये बसवून हाउथ या जवळच्या मासेमारी बंदराला नेणं हे डब्लिनमधल्या कोकणी मुलाचं कर्तव्यच असतं. मी ते दोनदा पार पाडलं. पहिल्यांदा बंदरावरच्या एका रेस्टॉरंटात रीतसर टेबल बुक करून, आणि आठ-दहा दिवसांनी कागदात गुंडाळलेला मासा घेऊन बंदराच्या कठड्यावर बसून. त्यामुळे "कुठे नेऊ रे यांना?" असा कोणाचा फोन आला की मी खरं तर एका शब्दात उत्तर देऊ शकतो. देत नाही, कारण समोरच्याच्या बाबांचे गुडघे कसे आहेत ते मला ठाऊक नसतं.

स्टेशनवरून पाच मिनिटांत आपण वेस्ट पिअरवर, म्हणजे बंदराच्या पश्चिम धक्क्यावर असतो. तिथे एका अंगाला बोटी आणि दुसऱ्या अंगाला मासळीची दुकानं नि रेस्टॉरंटं. कुठेही जेवायचं ठरलं असलं तरी आधी दुकानांच्या काचेसमोर उभं राहावंच लागतं, कारण बाबा तिथून हलत नाहीत. बांगडा त्यांनी लगेच ओळखला, पण पाठीवर नागमोडी काळे पट्टे पाहून जरा बिचकले. "बांगडो तां खरां, पण वाघाचां कातडां पांघारलानी." पुढच्या ट्रेमध्ये पंखासारखे दोन पसरट, गुलाबी तुकडे होते. "अरे, पाकट! हंय पण गावता?" गावता तर काय. इथे त्याला 'रे' म्हणतात आणि डब्लिनच्या लोकांचा तो फार लाडका मासा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोन्हीकडे लागू पडणारी एक सूचना आधीच करून ठेवतो. सवयीनं कॉड मागवू नका. आयरिश समुद्रात कॉड फारसा उरलेला नाही, त्यामुळे ताटात येणारा बहुतेक लांबून आलेला असतो. सॅल्मन म्हणाल तर तो सहसा पाळलेला. हॅडॉक, व्हायटिंग, हेक, रे यांपैकी आज काय आलंय एवढं विचारलंत की झालं. विचारलेलं त्यांना आवडतं.

टेबलाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हाउथमध्ये बसून नीट मासे खाण्याची रीत तशी जुनी. ईस्ट पिअरवरचं किंग सिट्रिक हे रेस्टॉरंट १९७१ साली सुरू झालं. त्या काळी आयर्लंडमधल्या कितीतरी घरांत मासा म्हणजे शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून नाइलाजानं खायची वस्तू होती. हे आईला सांगितलं तर तिला पटेचना. आपल्याकडे उपास म्हणजे मासा बंद, आणि यांच्याकडे उपास म्हणून मासा! "मग मी जन्मभर उपास करीन," असं म्हणून तिनं मेनू उघडला.

कागदातल्या माशात जे मिळत नाही ते टेबलावर मिळतं. कार्लिंगफर्डची कालवं बर्फावर मांडून येतात. (बाबांनी ओहोटीला खडकावरून कालवं फोडून आणली आहेत, पण कच्चं खायचं म्हटल्यावर त्यांनी ताटली हळूच माझ्याकडे सरकवली.) काट्यासकट भाजलेला सोल येतो, म्हणजे आपल्या लेपाचा गोरा, जाडजूड भाऊ. चाउडर, म्हणजे माशांचं दाट, दुधाळ सूप येतं, सोबत ब्राउन ब्रेड. आईच्या मते चाउडर म्हणजे माशाची खीर, ब्रेड मात्र तिनं दोनदा मागून घेतला. आणि येतात डब्लिन बे प्रॉन्स, ज्यांच्यासाठी मी मुळात ते टेबल बुक केलं होतं.

हे प्रॉन्स म्हणजे आपली कोळंबी नव्हे. लांब, बारीक नांग्या, कडक कवच, आणि रंग कच्चा असतानाच नारिंगी. दुकानात पाहून आईला वाटलं की उकडूनच ठेवलेत. "ह्यां सुंगट नाय, शेवंडीचा पोर असा," हा बाबांचा निकाल, आणि शास्त्रही साधारण तेच म्हणेल. समुद्रतळाच्या चिखलात बिळं करून राहणारा हा जीव हाउथच्या बोटी मुद्दाम धरायला जातात. नावात डब्लिन बे असलं तरी तो पकडला जातो बाहेर, आयरिश समुद्रात. पूर्वी उपसागरात नांगर टाकलेल्या बोटी तो तिथेच विकून टाकायच्या, म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात.

आमच्या पुढ्यात ते आले मधोमध चिरून, लसूण-लोण्यात न्हाऊन, जाळीवर भाजलेले. शेपटीचं मांस दोन मिनिटांत संपतं. खरी मजा असते ती नांग्यांत आणि डोक्यात. बाबांनी बाह्या दुमडल्या. एकेक नांगी सांध्यावर उलटी मोडायची, दातांखाली हलकेच चेपायची, आतली काडीएवढी मांसाची सळी ओढून काढायची आणि मग डोकं चोखायचं. सोबत मालवणच्या कुठल्यातरी १९८२ सालच्या लग्नाची गोष्ट. गोष्ट निम्म्यावर होती, नांग्या निम्म्याहून जास्त उरल्या होत्या, तेवढ्यात वेट्रेस आली.

ती अगदी गोड हसून म्हणाली की पावणेआठला हे टेबल दुसऱ्यांना द्यायचं आहे, तर आणखी काही हवं असल्यास आत्ताच सांगितलंत तर बरं. सहाचं बुकिंग होतं. बुक करतानाच ते लिहिलेलं असतं, मी वाचलंही होतं. शिवाय आलो नाही तर माणशी इतके युरो कापू म्हणून कार्डाचा नंबर आधीच घेतलेला. त्यांची चूक काहीच नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी त्या धक्क्यावर जी गर्दी लोटते ती पाहता त्यांनी दुसरं करावं तरी काय? चारेक ठिकाणी चौकशी केली होती, आणि शनिवारी संध्याकाळी बहुतेकांकडे हाच हिशोब होता.

पण बाबांनी काय केलं ते सांगतो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, उरलेल्या नांग्या वाटीत टाकल्या, लिंबाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि रुमालाला पुसली. "झालां माझां," म्हणाले. लग्नाची गोष्ट तिथेच थांबली. ज्या माणसानं मला शिकवलं की खेकड्याला एक तास दिल्याशिवाय खेकडा खाल्ला असं म्हणायचं नाही, तो अर्धी नांगी टाकून उठला. मला ते फार लागलं. बिलाचं इतकं नाही लागलं. चौघांचे दोनशे युरोंच्या वर गेले होते, आणि गुणाकार करू नका असं बजावूनही बाबांनी मनातल्या मनात नव्वदनं गुणलंच.

आता दुसरी फेरी. या वेळी मंगळवार, संध्याकाळचे सात. कागदातला मासा म्हणजे खाली नरम जाड चिप्स आणि वर पिठात तळलेला मासा. रांगेत पुढचा म्हातारा 'वन अँड वन' म्हणाला. डब्लिनच्या जुन्या बोलीत त्याचा अर्थ एक मासा, एक चिप्स. इथल्या चिप्सच्या दुकानांचा इतिहास बहुतांशी इटालियन कुटुंबांचा आहे, पण हाउथच्या बेशॉफ या दुकानाच्या नावाची कथा निराळी. त्या घराण्याचा मूळ पुरुष इवान बेशॉफ हा १९०५ साली बंड झालेल्या पोटेम्किन या रशियन युद्धनौकेवरचा खलाशी. पुढे तो डब्लिनला येऊन स्थिरावला आणि शंभरी ओलांडून १९८७ साली वारला. रांगेत उभं राहून बाबांना हे सांगायला बरं वाटतं. रांगही मग तेवढी जाणवत नाही.

बाबांसाठी मी मुद्दाम रे घेतला. आमच्याकडे पाकटाचं सुकं होतं, मसाल्यात चांगलं लडबडलेलं. इथे त्याला पिठाचं जाड पांघरूण. ते बाजूला केलं की आत पांढऱ्या, लांब दोऱ्या दोऱ्यांचं मांस, खाली फणीच्या दातांसारखी कूर्चा. काटा नाहीच. बोटांनी ओढलं की दोरी सुटून येते. बाबा एकेक दोरी सोडवत होते आणि चोखून स्वच्छ केलेल्या कूर्चा कागदाच्या कडेला ओळीनं मांडत होते, जसे ते घरी ताटाच्या कडेला काटे मांडतात. आईनं पिशवीतून लसणाच्या सुक्या चटणीची डबी काढली आणि चिप्सवर भुरभुरली. व्हिनेगर आणि लसणाची चटणी हे इतकं जमतं हे मला डब्लिनमध्ये अकरा वर्षं राहून कळलं नव्हतं. त्या लोणीदार रेस्टॉरंटात ती डबी बाहेर काढायची तिची छाती झाली नव्हती, हे तिनं तेव्हा कबूल केलं. म्हणजे डबी त्या दिवशीही पर्समध्ये होतीच.

जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. समोरच्या आयर्लंड्स आय बेटावर उजेड उतरत गेला, पांढरे गॅनेट पक्षी घरी येत राहिले, धक्क्यापाशी एका सीलनं दोनदा डोकं वर काढलं. १९८२ सालचं लग्न पूर्ण झालं. नवरदेवाचा जोडा कोणी पळवला तेही कळलं. कोणी येऊन काही विचारलं नाही. चौघांचे साठ युरोही झाले नाहीत.

कठड्याची गाऱ्हाणी नाहीत असं नाही. सीगल आहेत आणि ते निर्लज्ज आहेत. पाठ भिंतीला लावून बसायचं आणि कागद मांडीवरून हलवायचा नाही. पिशवी लगेच उघडली नाही तर वाफ धरून पीठ लिबलिबीत होतं, म्हणून "नंतर खाऊ, आधी फोटो" चालत नाही. आणि वारा. बंदराचं तोंड उत्तरेकडे असल्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की चिप्स चार मिनिटांत गार, आणि माणसं त्याआधी. अशा दिवशी कठड्याचा नाद सोडावा.

आता कोणी म्हणेल, प्रॉन्स कागदात मिळत नाहीत, त्यांचं काय? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याच संध्याकाळी सुचायला हवं होतं, पण तोवर मासळीची दुकानं बंद झालेली. दोन दिवसांनी मी एकटाच दुपारी गेलो, किलोभर प्रॉन्स बर्फासकट बांधून घेतले आणि डार्टनं परत आलो. डब्यात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. आईनं शेपट्यांचं सुकं केलं, डोकी आणि नांग्या आमटीत उकळल्या, कोकमं टाकली. बाबांनी जेवायला पावणेदोन तास घेतले. आमच्या टेबलावर नंतरचं बुकिंग नव्हतं.

म्हणून माझं मत विचाराल तर ते कुठे झुकतं ते लपवण्यात अर्थ नाही. पण नवरा-बायको दोघंच असाल, वाढदिवस असेल, कालवं कच्ची खाण्याची हौस असेल, तर टेबल बुक करा आणि खिडकीची जागा मागा. दोन तास दोघांना पुरतात. बरोबर लहान मूल असेल तरीही टेबल बरं, कारण मूल काही दोन तास बसत नाही. जुन्या माणसांना मात्र खाताना घड्याळ दाखवणं मला तरी जमत नाही. तुमच्या घरची माणसं भरभर जेवणारी असतील तर हे सगळं तुम्हाला लागू नाही.

पुढच्या महिन्यात सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कठड्यावर टेकवत नाही. त्यामुळे टेबल बुक केलंय, बुधवारी दुपारी साडेबाराचं. फोनवर आधी एकच प्रश्न विचारला: आमच्यानंतर त्या टेबलावर कोण? "कोणी नाही, बसा हवं तितका वेळ," असं उत्तर आलं तेव्हाच कार्डाचा नंबर दिला. घडीची खुर्ची तरीही गाडीत टाकणार आहे. ऊन पडणार असं दिसलं तर फोन करून टेबल रद्द करता येतं, आदल्या दिवशी पाचच्या आत.