स्टीमव्हीआर लिनक्सवर: दोन जीपीयू असतील तर आधी केबल बघा

एकाच जीपीयूच्या (ग्राफिक्स चिप किंवा कार्डाच्या) मशीनवर स्टीमव्हीआर, म्हणजे व्हीआर हेडसेटवर गेम चालवणारं सॉफ्टवेअर, बऱ्यापैकी चालतं. दोन आले की काळी स्क्रीन, फाटलेली फ्रेम किंवा हेडसेट साध्या मॉनिटरसारखा दिसणं सुरू होतं.

मूळ कारण बहुधा एकच: गेम एका जीपीयूवर रेंडर होतो, हेडसेट दुसऱ्याच्या पोर्टला असतो. डायरेक्ट मोडमध्ये स्टीमव्हीआरचा कंपोझिटर (अंतिम चित्र जुळवून दाखवणारा भाग) डेस्कटॉपला वगळून हेडसेटचा डिस्प्ले थेट ताब्यात घेतो, त्यामुळे दोन्ही कामं एकाच कार्डावर हवीत. डेस्कटॉपवर केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डालाच लावा. लॅपटॉपमध्ये कोणता पोर्ट कुठे जोडलाय हे मॉडेलनुसार बदलतं. ‘/सिस/क्लास/डीआरएम’ फोल्डरमध्ये कार्डनिहाय पोर्ट दिसतात.

मग ‘मेसा_व्हीके_डिव्हाइस_सिलेक्ट’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘लिस्ट’ किंमत देऊन कोणताही व्हल्कन (ग्राफिक्स इंटरफेस) वापरणारा प्रोग्राम चालवा; जीपीयूंची यादी दिसेल. यादीतला योग्य आयडी स्टीमव्हीआर आणि गेम, दोघांच्याही लाँच ऑप्शन्समध्ये टाका. एकातच टाकलात तर घोळ तसाच राहतो. एनव्हीडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरचं ऑफलोडिंग (रेंडरिंग दुसऱ्या जीपीयूकडे सोपवणं) मात्र वेगळ्या व्हेरिएबल्सनी होतं.

डेस्कटॉप वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर चालत असेल, तर डायरेक्ट मोडसाठी डीआरएम लीज, म्हणजे डेस्कटॉपने हेडसेटचा डिस्प्ले स्टीमव्हीआरला तात्पुरता सोपवण्याची सोय, लागतंच. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ते 5.24 पासून आहे. एएमडीवर चित्र नीट पण अडखळत येत असेल, तर कार्डाचं पॉवर प्रोफाइल ‘व्हीआर’ करा.

इतकं सगळं वापरणाऱ्याच्या माथी मारणं बरं नाही. कार्ड निवडायला सेटिंग्जमध्ये साधा मेनू हवा होता. माझ्याकडून गुण: पाचपैकी तीन.