हलकी सेमी-ऑटो, पंप की जुनी दुनळी? बारा बोअर घेण्याआधीचा हिशेब

बंदूक घेताना लोक आधी वजन विचारतात, मग किंमत, आणि परवान्याचं सगळ्यात शेवटी. सातारा-सांगलीत हा क्रम उलटा करावा लागतो, नाहीतर पावणेतीन किलोची देखणी सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी बंदूक, मनात भरते आणि कागदावर चढत नाही.

म्हणून कायदा आधी उरकू. हौसेची शिकार भारतात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 ने ती बंद आहे आणि ससा-तितरसुद्धा त्यातून सुटत नाहीत. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी घेता येते, कारण ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिराळ्यात किंवा पाटणला त्याने अख्खा ऊस लोळवला तरी बंदुकीचा विचार करू नये, पंचनामा करून नुकसानभरपाई मागावी.

पुढचा अडसर शस्त्र कायदा 1959 चा. पीकसंरक्षणासाठी त्याने मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरत नाही असं पटलं तर परवाना देणारा अधिकारी किमान 20 इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. एकनळी, दुनळी आणि पंप, म्हणजे पुढचा दस्ता हाताने मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक, यात बसतात. सेमी-ऑटो मात्र शस्त्र नियम 2016 च्या अनुसूचीत कडक गटात मोडते, जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणाऱ्या नेहमीच्या बारा बोअरच्या परवान्यावर ती चढत नाही. आणि कोयना किंवा सागरेश्वर अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत राहत असाल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवानाच निघत नाही. ही अट अनेकांना अर्ज अडकल्यावर कळते.

मग हलक्या सेमी-ऑटोची तुलना करायची कशाला? एक तर मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरणारे, म्हणजे ट्रॅप-स्कीटचे खेळाडू असतात, त्यांची परवान्याची वाट वेगळी आहे. दुसरं, इथली बरीच मुलं अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये स्थिरावली आहेत आणि तिथल्या परवान्यावर बदक-तितराच्या मोसमात जातात. तिसरं म्हणजे, ज्याला दुनळीच घ्यायची आहे त्यालाही वजन आणि धक्क्याचं गणित सेमी-ऑटोच्या निमित्ताने नीट कळतं.

वजन आणि खांदा

हलकी बंदूक दिवसभर खांद्यावर असते तेव्हा सुख देते आणि बार काढताना ते वसूल करते. आकडेच बघा. 32 ग्रॅम छर्‍याचं बारा बोअर काडतूस, सेकंदाला सुमारे 380 मीटर वेगाचं, 3.6 किलोच्या बंदुकीत जवळपास 28 ज्यूलचा धक्का देतं. तेच काडतूस 3.2 किलोत 31 ज्यूलवर जातं आणि 2.7 किलोच्या बंदुकीत 37 च्या आसपास. पंचविसाव्या बाराला तो फरक गालफडावर दिसतो. नेमबाज डोळे मिटायला लागतो, चाप ओढताना खांदा पुढे ढकलतो आणि मग दोष बंदुकीला देतो.

यावर उपाय बंदूक बदलण्याचा नाही, काडतूस बदलण्याचा आहे. 2.7 किलोच्या बंदुकीत 28 ग्रॅमचं काडतूस घातलं की धक्का 29 ज्यूलवर येतो, म्हणजे 3.4 किलोच्या बंदुकीत 32 ग्रॅम मारल्याइतका. हलकी बंदूक घेणाऱ्याने जड काडतुसाचा नाद सोडायचा, हा सौदा आधी मान्य करायचा. 76 मिलिमीटरचं मॅग्नम काडतूस हलक्या बंदुकीत बसतं म्हणून मारायचं, हे खांद्याशी वैर आहे.

हलकेपणाचा दुसरा तोटा कमी बोलला जातो. आडव्या उडणाऱ्या पक्ष्यामागे नळी फिरवताना वजन नळीला पुढे ओढत नेतं. पुढून हलकी बंदूक चटकन खांद्याला येते आणि तितक्याच चटकन मध्येच थांबते. बार पक्ष्याच्या मागे जातो. 26 इंचांऐवजी 28 इंची नळी घेतली तर थोडं वजन पुढे सरकतं आणि हात वाहता राहतो. झुडपातून अचानक उठणाऱ्या पक्ष्याला 26 बरी, मोकळ्यावरच्या बदकाला आणि चकत्यांना 28.

गॅसवाली की इनर्शियावाली

सेमी-ऑटोत मुख्य दोन घराणी. गॅसवालीत नळीतल्या भोकांतून थोडा वायू पिस्टनवर येतो आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा सरकता तुकडा, मागे ढकलतो. इनर्शियावालीत तसं काही नसतं. बंदूक धक्क्याने मागे जाते, बोल्टचा मुख्य भाग जागेवर रेंगाळतो, मधली जाड स्प्रिंग दबते आणि मग बोल्ट उघडतो. पिस्टन, सिलिंडर नसल्याने इनर्शियावाली हलकी बनवणं सोपं जातं. बेनेली अल्ट्रा लाइट बारा बोअरमध्ये सुमारे 2.8 किलो, फ्रांकी अफिनिटी 2.9 च्या आसपास, तर गॅसवाली बेरेटा ए400 एक्सप्लोर 3.1 च्या घरात. जुनी रेमिंग्टन 1100 त्याहून बरीच जड.

वरचे ज्यूल दोघींनाही लागू आहेत, पण गॅसवालीत तोच धक्का जास्त वेळेवर पसरतो, म्हणून ढकलल्यासारखा वाटतो. इनर्शियावालीत तो टोचतो. दिवसाला शंभर चकत्या फोडणाऱ्याने गॅसवालीच घ्यावी. दिवसभर चालून पाच-सहा बार काढणाऱ्याला इनर्शियावाली शोभते.

बिघाडही आपापल्या जातीचे. गॅसवालीत काजळी पिस्टनवर आणि भोकांत साचते, बोल्ट आळसावतो आणि रिकामी पुंगळी दारातच अडकते. काही शे बारांनंतर पिस्टन काढून पुसायलाच हवा. तिथे तेल ओतणारे फार असतात. तेलाने काजळीचा लगदा होतो, पिस्टन जवळजवळ कोरडाच ठेवायचा. रेमिंग्टन 1100 च्या पिस्टनपुढे एक रबरी कडी असते. ती तुटली की बंदूक एकेरी होते, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढा. एक सुटी कडी पिशवीत ठेवली की काम भागतं.

इनर्शियावाली स्वच्छ राहते, पण तिला दोन गोष्टी चालत नाहीत. पहिली म्हणजे बंदूक मागे जायलाच हवी. नळीखाली दिवा, बाजूला काडतुसांची पेटी, काडतुसं साठवणारं लांब मॅगझिन असं वजन लटकवलं किंवा भिंतीला टेकून बार काढला, की 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसावर ती पुढची गोळी चढवत नाही. दुसरी म्हणजे बोल्ट हळूच सोडणं. आवाज होऊ नये म्हणून हाताने धरून सोडला तर बोल्टचं फिरतं डोकं पूर्ण लॉक होत नाही, चाप ओढल्यावर नुसतं टिक्. लोक म्हणतात काडतूस फुसकं. बोल्ट मागे ओढून एकदम सोडावा आणि शेवटी हँडलला तळव्याने पुढे टोचा द्यावा.

तिसरं घराणं म्हाताऱ्यांचं. ब्राउनिंग ऑटो-5, 1902 पासून बनली, तिच्यात अख्खी नळीच मागे सरकते. मॅगझिनवरच्या घर्षण कडीची मांडणी हलक्या आणि जड काडतुसाला वेगवेगळी असते. हलक्या मांडणीवर जड काडतूस मारत राहिलं की पुढचा लाकडी दस्ता चिरतो. घरात वारशाने आलेली अशी बंदूक असेल तर आधी कागद तपासा, मग कडी.

परदेशात घेणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसावीत म्हणून मॅगझिनमध्ये अडथळा घालावा लागतो, आणि पाणपक्ष्यांना 1991 पासून शिशाचा छर्रा चालत नाही. न्यूझीलंडने 2019 नंतर सेमी-ऑटो बहुतेक बंद केल्या, पाच किंवा कमी काडतुसांचं न निघणारं नळी-मॅगझिन असलेल्या शॉटगन सुटल्या.

आता इथली गोष्ट: दुनळी, एकनळी, पंप

रात्री बांधावर उभ्या असणाऱ्या शेतकऱ्याला पाच बार लागत नाहीत. पहिला बार, फार तर दुसरा. त्यानंतर डुक्कर उसात गेलेलं असतं आणि उसात बार टाकायचा नसतो, पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. म्हणून दुनळी पुरते.

दुनळीचा खरा गुण सुरक्षिततेचा आहे. ओढा ओलांडताना, ट्रॉलीवर चढताना, कुणी समोर आलं तर ती मोडून, म्हणजे बिजागरीवर नळ्या खाली पाडून, हातावर घ्यायची. नळ्या रिकाम्या आहेत हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं. सेमी-ऑटोत प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढलेलं असतं. ती बाहेरून कायम सारखीच दिसते, भरलेली असो वा नसो. पंप या दोघींच्या मधली. तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्याची पंप इथे परवान्यावर मिळते, दणकट आहे, पण हलकी म्हणून कुणी घेत नाही. तिचा ठरलेला दोष हातातला आहे. घाईत पंप अर्धाच मागे ओढला जातो, पुंगळी आत राहते आणि नवी तिच्यावर आदळते. शेवटपर्यंत, खाड्कन ओढायची सवय कोऱ्या डमी काडतुसांवर लावून घ्या.

एकनळी सगळ्यात हलकी आणि स्वस्त, डोंगर चढायचा असेल तर तीच. मात्र तिच्यातही हलकेपणाचा तोच हिशेब लागू, 32 ग्रॅमचं काडतूस एकनळीतून मारून बघा म्हणजे कळेल.

जुनी दुनळी घेताना पाच गोष्टी बघायच्या. नळी आणि बॉडी यांच्या फटीतून उजेड दिसतो का. पुढचा दस्ता काढून, नळ्या बंद करून हलवलं तर बिजागरीत खडखड होते का. नळ्या आतून उजेडाकडे धरल्यावर कुठे फुगीर कडी दिसते का, ती माती किंवा कापूस अडकलेल्या नळीतून मारलेल्या बाराची खूण असते. नळीवर पिळाची नक्षी आहे का, म्हणजे दमास्कस नळी. ती काळ्या बारुदाच्या काळातली, आजचं काडतूस तिला लावू नये. आणि चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, 65 मिलिमीटरचं आहे की 70 चं. 65 च्या चेंबरमध्ये 70 चं काडतूस शिरतं, म्हणूनच धोका. बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब चढतो. खोक्यावरचा आकडा आणि नळीवरचा शिक्का जुळवून बघा, दुकानदाराच्या ‘चालतं की’वर जाऊ नका. नळीवरचा क्रमांक परवान्यावरच्या नोंदीशी जुळतो का, हे तर पैसे देण्याआधी.

काडतुसांचा कोटा हाही निवडीचा भाग आहे. परवान्यावर वर्षाला ठरावीक संख्या लिहिलेली असते. कुठलीही सेमी-ऑटो आपल्या काडतुसावर नीट चालते का, हे कळायला पन्नास-शंभर बार लागतात. त्यात वर्षाचा मोठा वाटा संपतो. दुनळीला चार बार पुरतात, दोन उजवीने, दोन डावीने, वीस-पंचवीस मीटरवर कागद लावून. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं बहुतेकांना मिळतात, ज्या क्रमांकाचा छर्रा वापरणार त्याचाच कागद बघा. एस.जी.चा छर्रा साधारण 8.4 मिलिमीटरचा, एल.जी. 9 च्या वर. असे जाड छर्रे फुल चोकमधून, म्हणजे तोंडाशी सगळ्यात जास्त आवळलेल्या नळीतून, बिघडून पसरतात, त्यापेक्षा जी नळी मोकळी आहे तिच्यात घालावेत. एकसंध गोळा फुल चोकमध्ये कधीच नाही.

पाऊस, धूळ आणि पोलिस ठाणं

कोयनेच्या बाजूला चार महिने भिंती घाम गाळतात. कागदी पुंगळीची काडतुसं तिथे फुगतात आणि चेंबरमध्ये अडतात. दुनळीत ती अंगठ्याने दाबून कळतं, सेमी-ऑटोत बोल्ट अर्ध्यावर अडकल्यावर कळतं. प्लास्टिक पुंगळी घ्या, डबा घट्ट झाकणाचा ठेवा. जत-आटपाडीकडे उलट त्रास. तिथली बारीक धूळ तेलात बसते आणि तेलाचा खरकागद होतो. तिकडे कमी तेल, जास्त पुसणं. इनर्शियावाली सेमी-ऑटो या धुळीत गॅसवालीपेक्षा बरी टिकते, पण दुनळीपुढे दोघीही नाजूकच.

निवडणुका लागल्या की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि ती पावसाळ्यानंतर लगेच आली तर महिनाभर दमट खोलीत कोपऱ्याला टेकलेली असते. दुनळीच्या दोन नळ्या आणि चार कळा तेलाच्या फडक्याने पुसून दिल्या की परत येताना ठीक असते. सेमी-ऑटो असेल तर बोल्ट, बोल्टची स्प्रिंग, मॅगझिनची नळी, सगळीकडे पातळ थर हवा. दस्त्याच्या आतली परतीची स्प्रिंग बहुतेकजण विसरतात आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. पावतीवर क्रमांक स्वतः वाचून घ्या.

मापाचंही एक. परदेशी बंदुकांचा दस्ता चापापासून साधारण 36 सेंटिमीटर लांब असतो. साडेपाच फुटांच्या माणसाला तो काखेत अडकतो. कोपरात दस्ता टेकवून बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोहोचतं का बघा, आणि ते स्वेटर घालून बघा, कारण महाबळेश्वर-पाटणची रात्र बिनस्वेटरची नसते. एक-दोन सेंटिमीटर कापून घेणं स्वस्त आहे. बेनेली, बेरेटाच्या बऱ्याच बंदुकांबरोबर दस्ता खाली-वर, डावी-उजवीकडे करायच्या पट्ट्या येतात. जुन्या दुनळीला ती सोय नाही, तिथे सुतारच लागतो.

निवड अशी करावी. ज्याच्याकडे पीकसंरक्षणाचा किंवा स्वसंरक्षणाचा साधा परवाना आहे त्याने सव्वातीन किलोच्या आसपासची, 70 मिलिमीटर चेंबरची, घट्ट बिजागरीची दुनळी शोधावी आणि 28 ते 32 ग्रॅमवर थांबावं. डोंगरावरची शेती आणि रोजची चढण असेल तर एकनळी. रोज चकत्यांचा सराव करणाऱ्याने, त्याची परवान्याची वाट मोकळी असेल तर, तीन किलोच्या वरची गॅसवाली. आणि 2.8 किलोची इनर्शियावाली त्याची, जो परदेशात माळावरून दहा किलोमीटर चालतो आणि दिवसाला सहा काडतुसं जाळतो.