मॅनलीची फेरीबोट: कॅमेरा असेल तर परतीची सकाळ धरा

सिडनीला मुलांकडे आलेले आईबाबा असोत की गळ्यात कॅमेरा अडकवून उतरलेला जुना मित्र, हार्बर ब्रिज आणि ऑपेरा हाउस एकाच फ्रेममध्ये सगळ्यांनाच हवं असतं. पुलाच्या कमानीवर चढवणाऱ्या सहलीचे पैसे भरण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की तिथे स्वतःचा कॅमेराच काय, फोनही वर नेऊ देत नाहीत. मी पाहुण्यांना सरळ सर्क्युलर की या शहरातल्या बोटींच्या स्थानकावर, तीन नंबरच्या धक्क्यावर नेतो आणि समुद्रकाठच्या मॅनली उपनगराला जाणाऱ्या बोटीत बसवतो. अर्ध्या तासाचा प्रवास, सरकारी भाडं, आणि डेकवर वाटेल तितके फोटो.

पण फोटोंसाठी खरी बोट परतीची, आणि तीही सकाळची. बोट मॅनलीहून पश्चिमेकडे येते, ऊन आपल्या पाठीशी असतं आणि शहर समोरून उजळलेलं. दुपार कलली की सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि हाती नुसत्या काळ्या आकृत्या लागतात. आपल्याकडच्या हौशी मंडळींचा इथे आणखी एक घोळ होतो. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात भर दुपारी सर्क्युलर कीवरून पुलाकडे कॅमेरा रोखला तर ऊन थेट लेन्समध्ये, आणि पुलापलीकडच्या, उत्तर काठावरच्या मिल्सन्स पॉइंटवरून मात्र शहर लख्ख!

शक्यतो जुनी, मोठी, हिरवी-पिवळसर बोट मिळाली तर बघा. फ्रेशवॉटर वर्गाच्या या बोटी १९८०च्या दशकातल्या, ७० मीटर लांब. दोन्ही टोकं सारखीच असल्यामुळे त्यांना वळावं लागत नाही, म्हणजे जाताना मागे असलेलं टोक येताना पुढे. तिथली उघडी जागा आधी पकडा. आतल्या खिडकीतून काढाल तर फोटोत पूल कमी आणि काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब जास्त.

सुरुवातीला बंदराच्या तोंडावरच्या नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांच्या मधल्या खिंडारातून महासागराच्या लाटा आत येतात. बोट चांगलीच डुलते, तुषारही उडतात. तेवढा वेळ कॅमेरा पिशवीतच बरा. पुढे उजव्या हाताला ब्रॅडलीज हेडचं पांढरं दीपगृह दिसलं की तयारीला लागा. इथून सगळं शहर एका ओळीत उभं राहतं, त्यात ३०९ मीटर उंचीचा सिडनी टॉवरही. लेन्स ७० एमएमच्या आसपास ठेवून उभे-आडवे दोन्ही काढून घ्या. मग डावीकडे फोर्ट डेनिसन हा बेटावरचा छोटा किल्ला मागे पडतो आणि बोट जवळ जाईल तसतसं ऑपेरा हाउस डावीकडे, पूल उजवीकडे सरकत जातो. दोघांमधली फट नेमकी मनासारखी होते ती घटकाभरच. ट्रायपॉडच्या भानगडीत पडू नका, इंजिनाची थरथर त्याच्या पायांतूनच वर येते. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद.

लांब लेन्स असेल तर ऑपेरा हाउसची शिडं, म्हणजे शिडांसारखी छपरं, जवळ ओढून बघा. लांबून सपाट पांढरी वाटतात, पण चकचकीत पांढऱ्या फरशांच्या कडेने साईच्या रंगाच्या, चमक नसलेल्या फरशांच्या पट्ट्या आहेत. एकूण फरशा दहा लाखांहून जास्त. ऊन पडलं की फोटोत चकचकीत भाग जळतो, नुसता पांढरा होतो, म्हणून कॅमेऱ्यात एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली. माझ्या मते या बोटीवरून मिळणारा सगळ्यात चांगला फोटो हाच, दोन्ही एकत्र असलेला नव्हे. पण पाहुण्यांना ते पटत नाही.

पूल खालून हवा असेल तर मात्र पॅरामॅटा नदीची बोट. ती थेट पुलाखालून जाते. १९३२ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलात साठेक लाख रिव्हेट आहेत. वाइड लेन्स लावून मान वर केली की पोलादी जाळी डोक्यावरून सरकताना दिसते. बाकी नदीचा प्रवास छान आहे, पण फोटोंच्या हिशेबात लांबलचक.

रात्रीसाठी दोन्ही बोटी निरुपयोगी. ट्रेनने मिल्सन्स पॉइंटला उतरा आणि ट्रायपॉड पाण्याच्या काठावर लावा.

ओपल या इथल्या बस-ट्रेन-बोटीच्या कार्डावर शुक्रवार ते रविवार दिवसाचं कमाल भाडं कमी असतं, पण शनिवार-रविवारी कठड्याशी उभं राहायला जागा मिळेलच असं नाही. तेव्हा शुक्रवारी, सकाळी नऊनंतरची मॅनलीहून सुटणारी बोट धरा. ऑफिसवाले तोवर पोचलेले असतात आणि सहलवाले अजून उलट्या दिशेने निघालेले.