चौदा महिन्यांनंतर: मराठी टायपिंगसाठी ४२ बटणांचा स्प्लिट कीबोर्ड की ५८ बटणांचा?

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत घरून भाषांतराचं काम करतो. रोजचे सात-आठ तास टायपिंग, त्यातलं निम्म्याहून जास्त मराठी, तेही इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी प्रमाण मांडणीत. डाव्या करंगळीच्या मुळाशी ठणका सुरू झाला, शिफ्ट दाबायची धास्ती वाटू लागली, तेव्हा आधी ४२ बटणांचा कॉर्न हा स्प्लिट, म्हणजे दोन सुट्या भागांचा कीबोर्ड घेतला आणि पाच महिन्यांनी तसाच ५८ बटणांचा लिली. घेण्याआधी जेवढे अनुभव वाचले, ते सगळे इंग्रजी टायपिंग धरून लिहिलेले होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘भाषण’ हा शब्द घ्या. भ, काना, ष, ण. चार ठोके, त्यातले तीन शिफ्टसकट. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, भ ही अक्षरं शिफ्टवर, शिवाय श, ष, ण, ळ आणि सगळे सुटे स्वरही. इंग्रजीत वाक्याला एकदा शिफ्ट लागते, आपल्याला शब्दाशब्दाला. करंगळी दुखणारच.

कॉर्नवर सुरुवातीला सगळे सांगतात तसे होम रो मॉड्स लावले, म्हणजे मधल्या ओळीतल्या अक्षरांच्या बटणांवरच शिफ्ट, कंट्रोल बसवले. डीचं बटण टिचकीसारखं दाबलं तर अक्षर, धरून ठेवलं तर कंट्रोल. एफवर तशीच शिफ्ट. मराठीला हे अजिबात चालत नाही. एफवर आपली पहिली वेलांटी आहे. भरभर ‘किती’ लिहिलं की वेलांटीचं बोट उचलायच्या आत त दाबला जातो, त्याचा थ होतो आणि उमटतं ‘कथी’. डीवर हलंत आहे आणि जेवर र. ‘महाराष्ट्र’ लिहिताना शेवटी कंट्रोल-जे लागून अख्खा परिच्छेद जस्टिफाय व्हायचा. तीन आठवडे वेळेची सेटिंग्ज कमीजास्त करून पाहिली, मग सगळं काढून टाकलं.

उपाय निघाला अंगठ्यात. डाव्या अंगठ्याखाली वन-शॉट शिफ्ट ठेवली: एकदा दाबून सोडायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं येतं. दोन महिन्यांत ठणका उतरला. माझ्या मते मराठी लिहिणाऱ्यानं स्प्लिट बोर्ड घ्यावा तो सगळ्यात आधी या बटणासाठी.

दोन भागांचाही फायदा आहेच. १९८६ साली ठरलेल्या इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘कोल्हापूर’ लिहून बघा: नऊ ठोके, आणि उजवा-डावा असे एकदाही न चुकता आलटून पालटून. हात खांद्याएवढे लांब ठेवून हा शब्द लिहिताना फार बरं वाटतं.

मग कॉर्न का सोडला? ‘डॉक्टर’मुळे. इनस्क्रिप्टचा ड पीच्या पुढच्या चौकटी कंसावर, ॉ बॅकस्लॅशवर, ृ बरोबरच्या चिन्हावर आणि ॅ शिफ्ट-दोनवर. ४२ बटणांत आकड्यांची ओळच नाही, म्हणून हे सगळं लेयरमध्ये, म्हणजे दुसरं एक बटण धरल्यावरच मिळणाऱ्या जादा थरात जातं. माझ्याकडे पीच्या पुढे बॅकस्पेस होतं, तेव्हा ‘डॉक्टर’चे पहिले दोन्ही ठोके लेयरमधून. ‘कृपया’, ‘कॉलेज’, ‘हॅलो’, सगळीकडे तेच. इंग्रजीला ४२ बटणं भरपूर होतात, आपल्याला नाही.

लिलीवर आकड्यांची ओळ आहे. पण मूळ मांडणीत डाव्या अर्ध्याच्या आतल्या बटणावर ड येतो, म्हणजे व्यंजन चुकीच्या हाताला. मी तो पीच्या शेजारी नेला. उजव्या आतल्या बटणावर नुक्ता होता. मराठीत तो लागत नाही, तिथे ॉ आणला. ृ वरच्या उजव्या कोपऱ्यात. डावं आतलं बटण मोकळं झालं, त्यावर भाषा बदलायची सोय केली. हे सगळं व्हायल या बटणांची मांडणी बदलायच्या ॲपमध्ये अर्ध्या तासात होतं.

या बोर्डांवर बटणं नेहमीसारखी तिरकी नाही, सरळ उभ्या रांगांत असतात. त्याची सवय लागायला महिना गेला. ‘व’ हे अक्षर मी आजवर उजव्या हाताने दाबत होतो, इथे ते डाव्याच अर्ध्यावर. पंधरा दिवस माझं बोट टेबलाच्या लाकडावर आपटत होतं.

बोर्डाच्या दोन्ही भागांची आतली बाजू उचलून धरणारा स्टँड करून घ्यायला उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या भागात गेलो. मिस्त्रींनी दोन्ही भाग हातात घेऊन पाहिले, म्हणाले, “किती डिग्रीत पाहिजे तेवढं सांगा, वाकवून देतो.” दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, १५ अंश, खाली रबर. विकतच्या स्टँडपेक्षा भक्कम, टाइप करताना जराही हलत नाही.

दोन गोष्टी जपा. दोन भाग जोडणारी टीआरआरएस केबल यूएसबी चालू असताना काढू-घालू नका, शॉर्ट होऊन कंट्रोलर जाऊ शकतो. आणि कोलमॅक ही इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी शिकायची असेल तर ती फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये टाकू नका, संगणकाच्या सेटिंगमध्ये निवडा. फर्मवेअरमध्ये टाकलं तर इनस्क्रिप्टची अक्षरंही विस्कटतात.

विसर्ग मात्र अजून लेयरमध्येच आहे. ‘स्वतः’ आणि ‘दुःख’ हे शब्द मी रोज लिहितो, दर वेळी तिथे हात अडतो. त्याला कुठल्या बटणावर आणावं हे अजून ठरत नाही. कुणी लिलीवर ते बसवलं असेल तर जरूर सांगा.