घर विकायला काढताना वापरलेलं ओल मोजायचं मीटर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी होल्डच्या, म्हणजे स्क्रीनवरचा आकडा धरून ठेवणाऱ्या, बटणाबद्दल लिहिते, कारण या मीटरला ते नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही. भिंतीत ओल जास्त कुठे असते? खाली, स्कर्टिंगच्या जरा वर, कपाटामागच्या कोपऱ्यात. तिथे मीटरच्या दोन पिना टेकवल्या की स्क्रीनचं तोंड जमिनीकडे होतं, आणि पिना उचलल्या की आकडा गायब. मग गाल फरशीला लावून आडवं पडायचं, नाहीतर मोबाइल खाली सरकवून अंदाजाने फोटो काढायचा. ज्यांची कंबर धरते त्यांनी एवढ्या एका कारणासाठी हे मॉडेल घेऊ नये. एक साधं बटण! जी वस्तू वाकूनच वापरायची, तिला ते नाही म्हणजे बनवणाऱ्यांपैकी कुणी ती भिंतीला लावून बघितलेलीच नाही.

घेतलं ते भांडणातून. घर विकायचं ठरलं तेव्हा आतल्या खोलीतल्या बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे निघत होते. वॉटरप्रूफिंगचं काम आदल्याच वर्षी करून घेतलेलं, गॅरंटी लेखी. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, ती जुनी ओल आहे, वाळतेय. नवीन पाणी येत नाहीये." रंगारी म्हणाला, पुट्टी भरून वर ऑइल पेंट मारू, बघायला येणाऱ्याला काही दिसणार नाही. एकाला काम परत करायचं नव्हतं, दुसऱ्याला उरकायचं होतं, आणि दोघांना गप्प करेल असं माझ्या हातात काही नव्हतं. मीटर रंगाच्या एका मोठ्या डब्यापेक्षा स्वस्त पडत होतं. घेतलं.

पहिल्या काही आठवड्यांत माझं मत अगदी वाईट होतं. बाथरूमच्या भिंतीला 28 दाखवायचं आणि खिडकीखालच्या, हाताला खडखडीत लागणाऱ्या भिंतीला 34. असलं मीटर काय कामाचं? तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर एक तारा दिला असता.

मग ते मोजतं कसं ते समजून घेतलं. दोन पिनांमधून अगदी थोडा विद्युतप्रवाह जातो आणि त्याला किती विरोध होतो त्यावरून आकडा येतो. त्या आकड्यांचं कोष्टक लाकडासाठी केलेलं असतं. लाकडात 20 च्या वर गेलं की बुरशीची काळजी करायची, हे बरोबर. पण गिलाव्यावर 28 दिसलं म्हणजे भिंतीत 28 टक्के पाणी आहे असं नाही. शिवाय भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे क्षार फुटून वर आले असतील, तर त्या क्षारांमुळे प्रवाह सहज वाहतो आणि जवळजवळ कोरडी भिंतही ओली दिसते. आमच्या खिडकीखाली तेच होतं: बोट फिरवलं की पांढरी भुकटी. ती कोरड्या ब्रशनेच झाडायची. ओल्या फडक्याने पुसली तर क्षार विरघळून परत आत जातात. खात्रीसाठी तिथे प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवला. भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर ओल आतून येतेय, खोलीकडच्या बाजूला आलं तर ती हवेतली. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या.

तिथून मीटर वापरायची पद्धतच बदलली आणि मतही. एकटा आकडा बघायचाच नाही. खडूने भिंतीवर वीतभर अंतरावर खुणा केल्या, प्रत्येक खुणेचा आकडा वहीत, आणि रोज त्याच खुणांवर परत. वहीचं पान भरलं तेव्हा चित्र दिसायला लागलं. जमिनीतून चढणारी ओल असती तर भिंतीच्या तळाला सगळीकडे साधारण सारखा पट्टा दिसला असता. आमच्याकडे मात्र एकाच कोपऱ्यात आकडे चढलेले आणि तिथून दूर जाऊ तसे उतरत गेलेले. त्या कोपऱ्याच्या बरोबर पलीकडे बाथरूमची जाळी.

मग संध्याकाळी जाळीत फडकं घट्ट कोंबलं, बाथरूमच्या फरशीवर दोन बोटं पाणी भरलं आणि रात्रभर राहू दिलं. सकाळी कोपऱ्यातल्या खुणेवर 28 चे 41 झाले होते. खिडकीखाली तेच 34. पाणी कुठे मुरतंय याबद्दल मग मला कुणाशी वाद घालायची गरज राहिली नाही. आदल्या दिवशीचे आणि त्या सकाळचे फोटो ठेकेदाराला पाठवले. ते जमिनीवर आडवं पडून काढलेले वैतागाचे फोटो इथे कामी आले, कारण मोबाइल फोटोवर तारीख-वेळ टाकतोच. तो आला, जाळीभोवतीचा सांधा उकरला, टाइल्सच्या फटींमधलं ग्राउट काढून नवीन भरलं. पैसे मागितले नाहीत. होल्डच्या बटणाबद्दलची तक्रार मात्र कायम.

वाळायला किती वेळ लागतो याचा अंदाज सगळ्यांनाच कमी असतो. विटेच्या भिंतीला 25 मिलिमीटर जाडीला एक महिना असा ढोबळ हिशेब आहे, आणि आमच्या भिंतीची एक बाजू टाइल्सने बंद, म्हणजे वाळायला एकच तोंड. सुटलेला गिलावा काढून विटा उघड्या ठेवल्या. अशा अवस्थेत घर कुणाला दाखवता येत नाही, एजंट रोज टोचायचा. तरी थांबलो. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारला की पाणी आत कोंडतं, मग ते वर चढतं किंवा शेजारच्या भिंतीतून फुगा होऊन बाहेर येतं, आणि तेव्हा घर दुसऱ्या कुणाच्या नावावर झालेलं असतं. ते मला पटत नव्हतं.

इथे मीटरची आणखी एक मर्यादा कळली. पिना काही मिलिमीटरच आत जातात, त्यामुळे वरून 16 आणि आत अजून ओल असं होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे पिनांच्या अंतराने दोन लांब खिळे भिंतीत ठोकायचे आणि पिना खिळ्यांच्या डोक्यांना टेकवायच्या. ठोकण्याआधी आत पाइप किंवा वायर नाही याची खात्री करा. खिळ्यांवरचा आकडा घरातल्या कोरड्या भिंतीत तसेच ठोकलेल्या खिळ्यांच्या जवळ आला तेव्हा गिलावा केला, आणि तो नीट वाळल्यावर चुन्याचा, भिंतीला श्वास घेऊ देणारा रंग लावला.

बाकीची तयारी सगळेच करतात. अडगळ काढली, बंद पडलेले दिवे बदलले, गळका नळ दुरुस्त केला. रूम फ्रेशनर मारू नका. खरेदीदाराला लगेच वाटतं की काहीतरी झाकलंय, आणि तो कपाटं सरकवायला लागतो.

आमच्याकडे ज्यांनी घर घेतलं त्यांनीही कपाट सरकवलंच. मी वही पुढे केली: आधीचे आकडे, पाणी भरलेल्या रात्रीनंतरचे, दुरुस्तीनंतर महिन्यागणिक उतरत गेलेले. त्यांनी मीटर मागून घेतलं आणि स्वतः सगळ्या खोल्यांतून फिरले. खिडकीखाली थबकले, तेव्हा त्या क्षारांचं सांगितलं आणि समोरच परत प्लास्टिक चिकटवून दिलं. किमतीवरून घासाघीस झाली, चांगली ताणली, पण ओलीचं नाव त्यात निघालं नाही.

घ्यायचं असेल तर होल्ड असलेलंच घ्या, जादा पिना सोबत आहेत का बघा, आणि वापरत नसाल तेव्हा 9 व्होल्टची बॅटरी काढून ठेवा. माझ्याकडे ती नुसती आत राहून उतरली, आणि ती साध्या सेलपेक्षा महाग पडते. भिंतीला भोकं नको म्हणून बिनपिनांचं घेणार असाल तर भिंतीत पाइप, सळई किंवा धातूची जाळी कुठे आहे ते आधी शोधा. त्यांच्यावर तेही मीटर ओलीसारखाच आकडा दाखवतं.